सातपाटीच्या पोरीचं रिवॉल्वर

बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि बसणारे जास्त. आमचं पालघरचं दुकान त्याला अपवाद नाही. लायसन्सवाला माणूस आयुष्यात एकदाच बंदूक घेतो, पण मग ती साफ करायला, स्प्रिंग बदलायला, काडतुसं घ्यायला आणि मुख्य म्हणजे गप्पा मारायला वर्षानुवर्षं येत राहतो. किराणा दुकानात कुणी तांदूळ घेऊन तासभर बसत नाही. आमच्याकडे बसतात. त्यामुळे शोकेसमध्ये माल मोजका आणि बाकड्यावर किस्से बेसुमार, अशी परिस्थिती. मालाला परवाना लागतो, किश्श्यांना लागत नाही. म्हणून आज तेच काढते.

ह्यांच्यानंतर दुकान माझ्या नावावर झालं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी नवा माणूस आला की माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतो, "शेठ आहेत का?"

आत आमचे सावंत बसलेले असतात. सावंत फौजेत आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. रिटायर होऊन आमच्याकडे आले आणि इथेच रमले. ते हातातलं काम न थांबवता माझ्याकडे मान उडवतात. "त्याच शेठ."

मग तो माणूस मला नमस्कार करतो आणि पुढचं सगळं सावंतांना विचारतो.

*

असाच एकदा बोईसरचा एक लेबर कॉन्ट्रॅक्टर आला. गळ्यात साखळी, हातात नवंकोरं लायसन्स. म्हणाला, "मॅडम, सबसे पावरफुल दिखाओ।"

कशासाठी हवंय, हे त्याला सांगता येईना. पॉवरफुल हवं, एवढं मात्र नक्की होतं.

सावंतांनी एक रिवॉल्वर रिकामं करून दाखवलं, त्याच्या हातात दिलं आणि हात सरळ भिंतीकडे करून उभं राहायला सांगितलं. किती वेळ, म्हणून त्याने विचारलं. सावंत म्हणाले, चहा येईपर्यंत.

समोरच्या टपरीवरचा चहा कधी वेळेवर आलाय! गप्पा सुरू राहिल्या. त्या गृहस्थाचा हात आधी खांद्याच्या रेषेत होता, मग छातीच्या, मग पोटाच्या. कपाळावर घाम आला. चहा रस्ता ओलांडताना दिसला तेव्हा रिवॉल्वरचं तोंड थेट त्याच्या स्वतःच्या बुटाकडे होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "पावर रहने दो, वज़न कम करो।"

*

सातपाटीचे तांडेल आणि त्यांची बायको यमुनाबाई एका दुपारी दुकानात आले, तेव्हा मला वाटलं पत्ता चुकले. तांडेलांची स्वतःची बोट आहे, सगळं आयुष्य समुद्रात गेलं. बंदुकीशी त्यांचा संबंध नाही. यमुनाबाईंना मी ओळखत होते, कारण बाजारात पापलेट मी त्यांच्याकडूनच घेते आणि दर वेळी हरून येते.

तांडेल काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "वयनी, रिवॉल्वर पायजे. मोटा. अस्वलासाठी."

बाकड्यावर आमचे एडवणचे पाटीलकाका पेपर वाचत होते. वाडीच्या राखणीसाठी त्यांच्याकडे जुनी बारा बोअरची बंदूक आहे आणि तिच्या निमित्ताने ते आठवड्यातून तीनदा येतात. त्यांनी पेपर खाली केला. "सातपाटीला अस्वल?"

मग उलगडा झाला. तांडेलांची मुलगी रेवती. मासळीचंच शास्त्र शिकली, पुढची डिग्री परदेशात केली आणि आता तिला अलास्कात नोकरी लागली होती. काम काय, तर जंगलातल्या नदीत उभं राहून सॅमन मासे मोजायचे. अडचण एवढीच, की त्याच नदीवर त्याच माशांसाठी अस्वलंही येतात. नोकरीच्या कागदांत लिहिलं होतं की हत्यार चालवायचं शिक्षण सक्तीचं आहे. घरच्यांनी ते वाचलं, आणि त्या रात्रीपासून तांडेलांच्या घशाखाली घास उतरेना.

त्यांनी मोबाईलवर रेवतीने पाठवलेला फोटो दाखवला. नदीत एक तपकिरी अस्वल उभं, अंगावरून पाणी निथळतंय, जबड्यात हातभर लांब मासा. सावंतांनीही चष्मा पुसून पाहिला. तेवढी नखं मी जन्मात पाहिली नव्हती.

यमुनाबाईंनी फोटो जवळ घेतला, नीट निरखला आणि म्हणाल्या, "म्हावरं ताजं हाय."

तांडेलांचा बेत असा होता की रिवॉल्वर इथे घ्यायचं आणि रेवतीच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून द्यायचं. मी समजावलं, की तसं करता येत नाही, तो मोठा गुन्हा आहे, विमानतळावर साधी लोणच्याची बरणी काढून ठेवायला लावतात.

त्यांनी थोडा विचार केला. "लोनचा घरीच ठेवतूं," ते म्हणाले. "मंग?"

*

निघण्याआधी रेवती स्वतःच भेटायला आली. कापलेले केस, पाठीला सॅक, बोलताना सारखी हसणारी. घाबरलेली फक्त तिची माणसं होती. हत्यार तिला तिथे ऑफिसच देणार होतं, पण तिने आयुष्यात जत्रेतले फुगेसुद्धा फोडले नव्हते. "काकू, अगदी शून्यापासून शिकवा," असं मला म्हणाली.

खऱ्या हत्याराला तिला हात लावू देणं कायद्यात बसत नाही, म्हणून सावंतांनी एअर पिस्तूल काढलं. छर्रा न भरता ते दोन्ही हातांत धरायचं, नळीवर एक नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप ओढायचा. चाप दाबताना हात झटकला की नाणं पडतं. निम्मी नेमबाजी तिथेच कळते.

रेवतीचं नाणं पडत होतं. ती उचलायची, परत ठेवायची. कंटाळणं माहीतच नव्हतं तिला. दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून यमुनाबाईही आल्या. लेकीचं बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, द्या इकडं. पिस्तूल धरलं, सावंतांनी नाणं ठेवलं, चाप ओढला. नाणं खणकन फरशीवर.

यमुनाबाईंनी वाकून ते उचललं आणि कमरेच्या पिशवीत टाकलं. "पडला तो माजा."

सावंत आमच्याकडे आल्यापासून मोठ्याने हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्याच संध्याकाळी रेवती बाहेर फोनवर बोलत असताना, दोघींना न्यायला आलेल्या तांडेलांनी मला हळूच विचारलं, की तुम्ही सांगा, पोरीला जाऊ द्यावं का. मी उलट त्यांनाच विचारलं, की तुम्ही पहिल्यांदा समुद्रात निघालात तेव्हा तुमच्या आईने जाऊ दिलं होतं का.

तांडेल म्हणाले, "ती बोटीत येऊन बसली. उतरंना."

"मग?"

"मंग तिला पन घेऊन गेलो. दोन दिस उलट्या. परत कदी आडवी आली नाय."

यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, "मी इमानात बसनार नाय."

आणि असा तो प्रश्न सुटला. रेवती गेली.

*

ती गेल्यावर आमच्या बाकड्यावर काही दिवस दुसरा विषय नव्हता. पाटीलकाकांनी जन्मात अस्वल पाहिलेलं नाही, मासवणच्या बाजूला एकदा बिबट्याची शेपटी पाहिली एवढाच त्यांचा अनुभव. पण उपाय त्यांच्याकडे सगळे होते. अस्वल आलं तर सरळ झाडावर चढावं, असं त्यांचं म्हणणं.

सावंत म्हणाले, अस्वल झाडावर चढतं.

मग नदीत उडी मारावी. सावंत म्हणाले, पोहतं. मग पळावं. सावंत म्हणाले, आपल्या स्कूटरला मागे टाकेल. पाटीलकाकांनी पेपर उघडला, मिटला. तांडेल शेजारीच बसून हे सगळं ऐकत होते.

"मग मेल्यासारखं पडून राहावं," पाटीलकाका म्हणाले.

तांडेल म्हणाले, "ते मी हितं करतंयच."

*

खरा पेच जूनमध्ये आला. रेवतीचा व्हिडिओ कॉल आला. दुकान बंद करायची आमची वेळ म्हणजे तिची सकाळ. ऑफिसच्या कपाटात तीन रिवॉल्वरं होती आणि त्यांतलं एक तिला मोसमभरासाठी निवडायचं होतं. आधी तिला शिकारीचा परवाना काढावा लागला होता, कारण परदेशी माणसाला त्याशिवाय तिथे हत्यार जवळ ठेवता येत नाही म्हणे. मासे मोजणाऱ्या पोरीच्या नावावर शिकारीचा परवाना निघाला. सातपाटीत ही बातमी पोचली तेव्हा तिच्या मामाने हरणाचं सुकं मटण येईल का म्हणून विचारणा केली होती.

तर तीन रिवॉल्वरं. आकडे म्हणजे नुसती गोळ्यांची नावं समजायची, लहानमोठं त्यावरून ठरत नाही. एक तीनशे सत्तावन्न, हलकं, हाताला सोपं. दुसरं चव्वेचाळीस मॅग्नम, लांब नळीचं आणि अंगाने जड. तिसरं चारशे चौपन्न, आखूड नळीचं, आणि ताकदीला असं की चव्वेचाळीस त्याच्यापुढे धाकटं भावंड वाटावं.

तांडेलांनी विचारायच्या आत तिसऱ्याकडे बोट दाखवलं. सावंतांचंही मत तेच पडलं. मोठ्या अस्वलाची चरबी जाड, खांद्याची हाडं जाड, गोळी आतपर्यंत गेली पाहिजे. ते काही खोटं नव्हतं. मी गप्प बसले.

तीन-चार दिवसांनी रेवतीने सरावाचा व्हिडिओ पाठवला. तिचा साहेब, पांढऱ्या दाढीचा, सगळं आयुष्य त्या नदीवर काढलेला, शेजारी उभा होता. तिने चारशे चौपन्न झाडलं. नळी अशी उसळली की तिच्या टोपीला लागता लागता राहिली. साहेबाने काहीतरी म्हटलं, तिने मान हलवली आणि पुन्हा नेम धरला. दुसरी गोळी गेली ती समोरच्या मातीत.

सावंतांनी तो व्हिडिओ परत लावला, मग परत. दुसऱ्या गोळीच्या वेळी चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटत होते आणि नळी खाली जात होती. त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. "हे अस्वलाच्या आधी तिलाच घाबरवतंय," ते म्हणाले.

तांडेल ऐकेनात. मोठं ते मोठं, असा त्यांचा हट्ट. मग मात्र मी बोलले. मी म्हटलं, तांडेल, जी गोळी लागत नाही ती कितीही मोठी असली तरी नुसता आवाज. तिला एक नाही, लागोपाठ सगळ्या गोळ्या डोळे उघडे ठेवून मारता आल्या पाहिजेत. जे हत्यार घेऊन तिला ते जमेल, तेच तिच्यासाठी सगळ्यात पॉवरफुल. चव्वेचाळीस जड आहे ना, ते वजनच झटका खाऊन टाकेल. आणि गोळी टणक शिशाची, चपट्या तोंडाची घ्यायची, म्हणजे फुटणार नाही, आत जाईल.

हे मी अगदी ठामपणे सांगितलं खरं, पण पोर दुसऱ्याची होती. ती रात्र काही मला बरी गेली नाही.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ आला. चव्वेचाळीस, दोन्ही हातांत. सहाही गोळ्या निशाण म्हणून लावलेल्या कागदाच्या बशीत, डोळे टक्क उघडे. शेवटी कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "काकू, ह्याच्याशी माझं जमेल."

तांडेलांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. मग सावंतांकडे वळून, जणू हे त्यांचंच मत होतं अशा सुरात म्हणाले, "नांगर होडीपेक्षा मोटा नको."

*

रिवॉल्वर ठरलं तरी ते ठेवायचं कुठे हे ठरायचं होतं. पहिल्या दिवशी रेवतीने ते ऐटीत कमरेला लावलं. नदीत उतरताना छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालावी लागते. ती घातल्यावर लक्षात आलं की रिवॉल्वर विजारीच्या आत आहे. अस्वल आलंच तर आधी पट्टे सोडायचे, मग विजार उतरवायची, मग रिवॉल्वर.

तिने साहेबाला विचारलं, तोपर्यंत अस्वलाला काय सांगू?

साहेबाने आपला छातीवर बांधायचा जुना चामडी पट्टा काढून तिला दिला.

*

त्या साली दसऱ्याला तांडेल पती-पत्नी दुकानात आले. दर दसऱ्याला आम्ही दुकानातली हत्यारं मांडून पूजा करतो. तांडेलांची इच्छा होती की रेवतीच्या रिवॉल्वरचीही पूजा व्हावी. रिवॉल्वर अलास्कात. मग त्याचा फोटो मोबाईलवर उघडून तो मोबाईलच पाटावर, दोन बंदुकांच्या मधोमध ठेवला. झेंडूचं फूल वाहिलं, स्क्रीनवर कुंकू लावलं.

पण स्क्रीन सारखी काळी होई. पाटीलकाकांना बोटाने टकटक करायच्या ड्युटीवर बसवलं. भटजींचा मंत्र निम्म्यावर आला आणि मोबाईल वाजायला लागला. रेवतीचाच कॉल. कुंकवाखालून तिचा चेहरा दिसत होता. मी उचलायला हात पुढे केला, तर तांडेलांनी माझा हात धरला.

"वयनी, पूजा चालू हाय. देवाला उटवायचा नाय."

रेवती वाजत राहिली. भटजींनी तिच्यावर अक्षता टाकल्या.

*

दुसऱ्या वर्षी तिथल्या उन्हाळ्यात तिला आणखी आतल्या कॅम्पवर पाठवलं. तिथे मोबाईल चालत नाही. सॅटेलाइट फोनवरून आठवड्याला एक निरोप यायचा, की मी ठीक आहे. ऑगस्टअखेरच्या एका आठवड्यात तो आला नाही.

सावंत एकच एअर पिस्तूल रोज साफ करत होते. पाटीलकाका पेपर आणायचे, पण वाचायचे नाहीत. तांडेल बोटीवर न जाता आमच्या बाकड्यावर येऊन बसायचे, चहा समोर निवत राहायचा. मला कुणी काही बोललं नाही. पण मोठं सोडून मधलं घ्यायला मीच लावलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मला तर फारच. बाजारात यमुनाबाईंनी न मागता वाटा वाढवून दिला, तेव्हा माझ्याने त्यांच्याकडे बघवेना.

एका सकाळी मी शटर वर केलं आणि तांडेल रस्त्यावरूनच फोन कानाला लावून येताना दिसले. चेहऱ्यावरून काहीच कळेना. आत येऊन त्यांनी फोन काउंटरवर ठेवला, स्पीकर चालू केला. रेवतीच होती. फोन बिघडला होता, दुरुस्त करून मिळाल्याबरोबर केला म्हणाली. आणि मग म्हणाली, बाबा, अस्वल भेटलं.

ती नदीवरून कॅम्पकडे परतत होती. साहेब बराच मागे होता. झुडपांतून पायवाट वळली, आणि वळणावर वाटेच्या मधोमध अस्वल. उभ्या रिक्षाएवढं. मध्ये अंतर असं, की त्याचा श्वास ऐकू येत होता. छातीवरचं रिवॉल्वर कधी हातात आलं ते तिला कळलंही नाही. दोन्ही हात सरळ, डोळे उघडे, नेम बरोबर. शिकवलेलं सगळं तिला आठवत होतं: पळायचं नाही, ओरडायचं नाही, शांत आवाजात बोलत राहायचं, म्हणजे समोर माणूस आहे हे त्याला कळतं. फक्त इंग्रजी आठवेना. मराठी शाळेतली मराठीही आठवेना.

"मग काय बोललीस?" मी विचारलं.

फोनमधून ती जरा लाजली असावी. "दादा, तुमी आदी जावा. मी थांबतंय."

"मंग?" तांडेल म्हणाले.

"मंग गेला."

अस्वलाने नाक वर करून वास घेतला, अंग वळवलं आणि नदीकडे उतरून गेलं. तिने चाप ओढला नाही. साहेबाने मागून सगळं पाहिलं होतं. तो जवळ आला आणि आधी तिने रिवॉल्वर नीट आत ठेवेपर्यंत थांबला. मग विचारलं, की ही भाषा कुठली.

फोन बंद झाला तोवर टपरीवरून आलेला चहा निवला होता. तांडेल उठले, तो एका घोटात प्यायले. "वयनी, मी निंगतंय. उद्या बोट काडायची हाय."

*

परवा रेवतीने एक व्हिडिओ पाठवलाय. मी दुकानात आल्यापासून कितीदा पाहिला असेल.

नदीचा गोट्यांचा काठ. पलीकडून एक मोठं अस्वल सावकाश चालत येतंय. अलीकडे तो पांढऱ्या दाढीचा साहेब उभा, हात छातीवरच्या रिवॉल्वरवर. अस्वल थांबतं. साहेब घसा साफ करतो आणि शांत, जड आवाजात म्हणतो, "दादा, तुमी आदी जावा."

अस्वल जागचं हलत नाही. कॅमेऱ्यामागून रेवतीची कुजबुज ऐकू येते. "थांबतंय म्हना, सर."

"मी थांबतंय," साहेब म्हणतो.

आणि अस्वल जातं.